बाटलीवरची लाख

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका आटोपून परतले आणि त्यांनी रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला उचलला. दोन-तीन घोट पोटात गेले असतील नसतील, त्यांना मळमळायला लागलं. उरलेलं सरबत त्यांनी व्हरांड्यात फेकून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला आणि साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड आणि फेअर यांच्यात तेव्हा विस्तव जात नव्हता. आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, महाराजांनी व्हाइसरॉयकडे खलिता धाडून या रेसिडेंटला हलवा अशी मागणी केली होती.

पेला रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सेवर्ड यांच्याकडे गेला. गाळात त्यांना सोमल सापडला, शिवाय काही चकाकणारे कण. गाळाचा उरलेला भाग मुंबईला, सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे रवाना झाला. सोमलावर त्यांनीही शिक्कामोर्तब केलं. चकाकणाऱ्या कणांबद्दल मात्र पुढे बराच काथ्याकूट झाला. ती काच होती की हिऱ्याची भुकटी? हिरकणी खाल्ली की आतडी चिरत जातात, ही समजूत राजवाड्यापासून माजघरापर्यंत सगळीकडे पक्की होती. प्रत्यक्षात हिऱ्याइतका निरुपद्रवी पदार्थ विरळा. पोटातल्या आम्लाशी त्याचं काही देणंघेणंच नसतं. पण ज्यानं कुणी हा बेत केला त्यानं दोन्ही विश्वांची तजवीज केलेली दिसते: सोमल खात्रीसाठी आणि हिरा परंपरेसाठी.

मुंबई सरकारचं रासायनिक विश्लेषकाचं पद तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. अशी प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये निघाली, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये. मुंबईची पाळी १८७० मध्ये आली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरानंच हे काम सांभाळायचं, असा रिवाज पडला. सकाळी वर्गात गंधकाचे गुणधर्म सांगायचे आणि दुपारी कुठल्यातरी जिल्ह्यातून आलेली, लाखेनं बंद केलेली जठराची बाटली उघडायची. बडोद्याच्या पेल्यानं या नव्या खात्याला एका फटक्यात राजकारणाच्या ऐन मध्यात आणून बसवलं.

सोमल शोधण्यापुरतं म्हणाल तर रसायनशास्त्र तोवर चांगलंच तयार झालं होतं. वूलविचच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या जेम्स मार्श यांची १८३६ ची पद्धत जगभर रूढ होती. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं. सोमल असेल तर हायड्रोजनबरोबर त्याचा वायू होऊन बाहेर पडतो. तो वायू तापवलेल्या काचनळीतून सोडला की नळीच्या थंड भागावर काळसर, चकचकीत थर धरतो. याला आर्सेनिकचा आरसा म्हणत. ज्यूरीतल्या अडाण्यालाही तो दाखवता येई. सोमलाला ना वास, ना फारशी चव, आणि रोग्याची लक्षणं पटकीसारखी. अशा विषाविरुद्ध डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाल्यामुळं न्यायालयं हरखून गेली होती, यात नवल नाही.

बडोद्याचा खटला मात्र आरशावर फिरला नाही. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन बडोद्याला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी निघाली. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले आणि सोमल घोड्याच्या औषधाच्या नावाखाली मागवायचा घाट कसा घातला होता, ते सांगू लागले. जवाहिरे हेमचंद यांनी तर साक्षीत कमालच केली: वहीतली हिऱ्यांची नोंद आपण पोलिसांच्या दबावाखाली केली, असं ते म्हणाले. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून आलेले वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमकी हीच फट रुंदावली. सोमल होता, मान्य. पण पुडी पट्ट्यात कशी आली, कुणाच्या हाताला लागली आणि त्या वेळी तिथं कोण कोण होतं? जो माणूस रेसिडेंटच्या बदलीसाठी रीतसर अर्ज करून वाट पाहतोय, तो त्याच आठवड्यात त्याला विष कशाला घालील?

हा खटला चालवणाऱ्या चौकशी आयोगात तीन युरोपीय होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. निकाल सरळ उभा फाटला. तिघा गोऱ्यांच्या मते आरोप सिद्ध झाला होता, तिघा हिंदी सभासदांच्या मते नाही. मग सरकारनं विषाचा विषयच बाजूला सारून गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केलं आणि मद्रासला धाडलं. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला. त्यानंतरचा बडोद्याचा इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको.

भायखळ्याच्या प्रयोगशाळेत रोज येणारा माल अर्थातच असला राजेशाही नसे. इझिडोर लायन यांनी रासायनिक विश्लेषकाचं पद भूषवलं आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानासाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं. या व्यवसायाची इथली तऱ्हा युरोपपेक्षा किती वेगळी होती, ते अशा पुस्तकांतून कळतं. विलायतेत विष औषधांच्या दुकानातून येई. इथं ते बांधावर उगवत होतं. बचनाग, कण्हेर, गुंज आणि सर्वांत चलाख म्हणजे धोतरा. वाटसरूला पुरीतून किंवा पिठातून धोतरा चारायचा, तो बरळू लागला, निपचित पडला की गाठोडं घेऊन पसार व्हायचं, हा धंदा रस्तोरस्ती चाले. मारण्याचा हेतू बहुतेकदा नसेच. म्हणून वाटसरू जगे आणि काही आठवत नसल्यामुळं साक्षीलाही कुचकामी ठरे.

अशा वेळी रासायनिक विश्लेषक ओकारी गाळून चपट्या बिया शोधत बसे. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी पहिल्या नजरेत सख्खी भावंडं वाटतात, आणि मिरचीचं बी तर प्रत्येकाच्याच पोटात. फरक भिंगाखाली कळे. धोतऱ्याचं बी मोठं, जाड, तपकिरी आणि खड्डेखड्डे असलेलं. मिरचीचं पिवळट, पातळ आणि गुळगुळीत. बी उभं चिरलं तर आतल्या अंकुराचा वळसाही उलटा. चव घेतली तर एक कडू, दुसरं तिखट. बिया वाटून घातल्या असतील तर आणखी एक उपाय होता: अर्क काढून त्याचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली मोठी होऊन तशीच राहिली की धोतऱ्याच्या जातीचं विष. सरकारी प्रयोगशाळेच्या इतिहासात मांजराच्या या सेवेची दखल कुणी घेतलेली नाही.

नमुने येत ते कराची-सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या इलाख्यातून. प्रवास लांब, हवा दमट, आणि माणसाचं जठर ही मुळात नासणारी वस्तू. म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसाठी नियम घालून दिलेले होते, आणि आजही ते बरेचसे तेच आहेत. रुंद तोंडाची काचेची बाटली घ्यायची. जठर आणि लहान आतड्याचा वरचा भाग, आतल्या ऐवजासकट, एका बाटलीत. यकृताचा तुकडा आणि प्रत्येक मूत्रपिंडाचा अर्धा भाग दुसरीत. वर साध्या मिठाचं, यापुढे मीठ विरघळणारच नाही इतकं दाट पाणी. बाटली दोन-तृतीयांशच भरायची, नाहीतर वायू धरून ती फुटते. त्याच मिठाच्या पाण्याचा एक वेगळा नमुना सोबत द्यायचा, म्हणजे विष मिठातूनच आलं असं कुणी म्हणू नये. मग बूच, कापड, दोरा, लाख आणि लाखेवर डॉक्टरची मोहर. मोहरेचा ठसा वेगळ्या कागदावर. पोलीस ठाण्यातली माणसं या साऱ्याला एका शब्दात ‘व्हिसेरा’ म्हणतात आणि त्यावर परत येणाऱ्या कागदाला ‘सी. ए. रिपोर्ट’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल.

आणि तो कागद कोरा आला तर?

नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे, पैसाअडका बाळगून असलेल्या आणि मधुमेहानं आजारी विधवा, मुंबईच्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायला म्हणून १२ तारखेच्या रात्री पॅसेंजर गाडीनं निघाल्या. सोबत त्यांच्याच वाड्यात राहणारे, त्यांच्यावर उपचार करणारे आणि त्यांचे व्यवहार बघणारे डॉ. अनंत चिंतामण लागू. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी जवळच्या सेंट जॉर्जचा विचार केला नाही, बाईंना जी. टी. हॉस्पिटलात नेलं आणि खोट्या नावानं दाखल केलं. दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. लघवीत साखर आणि अ‍ॅसिटोन आढळल्याच्या नोंदीवरून डायबेटिक कोमा हे कारण कागदावर चढलं. हॉस्पिटलच्या तारेला लागूंनी दिलेलं उत्तर असं होतं की बाईंशी आपला जणू प्रवासापुरताच संबंध. बेवारस म्हणून देह विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी जायच्या बेतात होता. गळ्याजवळच्या एका खुणेवर शिपायाची नजर गेली म्हणून शवविच्छेदन झालं, तेही मृत्यूनंतर दहा दिवसांनी. गळा आवळल्याचं काही निघालं नाही. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. विष आढळलं नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नातलगांना त्यांच्या नावची पत्रं येत राहिली. आपण यात्रेला गेलो आहोत, आपण पुन्हा लग्न केलं आहे, शोध घेऊ नये. सही त्यांच्या नावाची, अक्षर दुसऱ्याचं. बँकेतले पैसे आणि शेअर मात्र हळूहळू डॉ. लागूंकडे सरकत होते. सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली, हायकोर्टानं ती कायम केली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं अपील फेटाळलं. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा सारांश असा, की सगळीच विषं प्रयोगशाळेच्या हाती लागत नाहीत. डॉक्टरच विष देणारा असेल तर तो न सापडणारंच निवडणार. मग विष सापडलं नाही एवढ्यावरून खून झाला नाही, असं धरलं तर हुशार गुन्हेगाराला रान मोकळं. आरोपीची आधीची आणि नंतरची वागणूक एकत्र पाहिली तर दुसरा निष्कर्ष निघत नाही. न्या. सरकार यांना हे पटलं नाही. मधुमेहाच्या रोग्याला डायबेटिक कोमा होऊ शकतो ही शक्यता खोडून निघालेली नाही, असं त्यांचं भिन्न मत आहे. कायद्याच्या वर्गांत बहुमत शिकवतात. मात्र ते भिन्न मत वाचल्यावर मनातली चुळबुळ थांबत नाही, हेही खरं.

याच दशकात मुंबई राज्याच्या रासायनिक विश्लेषकापुढे एक नवाच ढीग येऊन पडला होता. विषाचा नव्हे, दारूचा. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी. आता पिणं हाच गुन्हा. म्हणजे माणसाच्या आत दारू आहे हे सिद्ध करणं आलं. सुरुवातीला त्यासाठी एकच उपकरण होतं, सरकारी डॉक्टरचं नाक.

त्या नाकाची मातब्बरी किती, हे बेहराम खुर्शीद पेसिकाका खटल्यात कळलं. २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपनं तिघांना धडक दिली. चालक कोण, तर मुंबई विभागाचे प्रभारी रिजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर! सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या डॉक्टरनं नोंदवलं: तोंडाला दारूचा वास, डोळे लाल, पण बोलणं सुसंगत आणि सरळ रेषेत चालता येतं. आरोपीचं म्हणणं, मी जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकात सुमारे १७ टक्के अल्कोहोल असे. आणि त्या अपघाताच्या चारच दिवस आधी बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं औषधांतल्या अल्कोहोलवरची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, हायकोर्टानं महिन्याची सक्तमजुरी दिली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं: प्यालेलं अल्कोहोल बंदी असलेल्या प्रकारचंच होतं, हे सरकारनं दाखवायचं. वासावरून व्हिस्की आणि टॉनिक यांच्यातला भेद कळत नाही. त्यानंतर मुंबईत टॉनिकांचा खप कसा वाढला असेल, याची कल्पना वाचकानं करावी.

सरकारनं हा धडा १९५९ च्या दुरुस्तीत उतरवला. रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर ते औषधातून आलं हे सांगण्याचा बोजा आरोपीवर. वैद्यकीय तपासणीचे आणि रक्तचाचणीचे नियमही त्याच वर्षी निघाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यानंच निर्जंतुक करायची. हाताची कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची. स्पिरिटचा बोळा कुठल्याच टप्प्यावर जवळ आणायचा नाही. शिरेतून किमान पाच सी. सी. रक्त घ्यायचं. ते गोठू नये आणि नासू नये अशी द्रव्यं आधीच घातलेल्या बाटलीत सोडून ती जोरानं हलवायची. मग चिठ्ठी, झाकण, लाख, डॉक्टरची मोहर. नासू न देणारं द्रव्य नसेल तर उन्हाळ्यात बंद बाटलीत रक्तातली साखर आंबते, आणि ज्यानं थेंबही घेतला नाही त्याचं रक्त आपलं आपणच दारू गाळू लागतं.

ही भीती पुस्तकी नव्हती. एप्रिल १९६१ मध्ये खानदेशात एका वाहनाला अपघात झाला. चालक उखा कोल्हे. धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्याचं रक्त घेतलं गेलं आणि दिवस उलटल्यावर ते मुंबईला परीक्षणासाठी निघालं. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये अल्कोहोलचं प्रमाण कसं मोजलं यावर फार वेळ घालवला नाही. मधल्या दिवसांत बाटली कुठं होती, कुणाच्या ताब्यात, मोहर शाबूत होती का, हे सांगणारा साक्षीदारच सरकारनं उभा केला नव्हता. न्यायालयानं प्रकरण परत पाठवलं, हवा तर आणखी पुरावा घ्या म्हणून. १९७१ मध्ये बच्चूभाई कर्याणी खटल्यात उलट टोक आलं: तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, सगळं होतं, रक्त आणि लघवी तेवढी तपासली नव्हती. दारूबंदीचा आरोप टिकला नाही.

प्रयोगशाळेत त्या काळी दारूचं प्रमाण काढायचं ते बहुधा पोटॅशियम डायक्रोमेटनं. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये काही थेंब रक्तावर भागवणारी पद्धत बसवली होती, तिचाही पाया हाच. गंधकाम्लातलं नारिंगी डायक्रोमेट अल्कोहोलशी गाठ पडली की हिरवं होतं. किती वापरलं गेलं त्यावरून अल्कोहोल किती ते निघतं. पद्धत साधी, पण तिला इथाइल आणि मिथाइल यांतला फरक कळत नाही, आणि बंदीच्या राज्यात नेमका तोच फरक जीवन-मरणाचा होता. गावठीत मिथेनॉल मिसळलं की शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. आधी डोळे जातात, मग माणूस. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत असल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. दोन अल्कोहोलं वेगळी ओळखणारी गॅस क्रोमॅटोग्राफी आता कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतच नाही, तर नागपूर, पुणे, नाशिकलाही आहे.

बंदी हळूहळू सैलावली, परवाने आले, कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला आणि ‘परमिट रूम’ची पाटीही. दारूच्या चाचणीचा मुक्काम आता रस्त्यावर हलला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे दारूबंदीच्या ५० पेक्षाही कडक. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून नाकाबंदीत फुंकण्याची नळी पुढे करायला सुरुवात केली. रक्तातल्या अल्कोहोलचा २१०० वा भाग श्वासात उतरतो, या ठोकताळ्यावर ते यंत्र चालतं. हा आकडा माणसागणिक थोडा बदलतो, त्यामुळं वकिलांची सोय आहेच.

२०२० च्या मार्चमध्ये कोविड आला आणि कुणाच्याही फुंकरीजवळ जायची पोलिसांची तयारी राहिली नाही. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुंबईत संशयित चालकांची रक्तचाचणी करायचं ठरलं. सुई परत आली आणि सुईबरोबर उलटतपासणीतले सगळे जुने प्रश्नही. कातडी कशानं पुसली होती? बाटलीत रक्त नासू न देणारं फ्लोराइड घातलेलं होतं का, आणि कुणी घातलं? ठाण्यातला फ्रीज चालू होता? मुद्देमाल रजिस्टरातली नोंद कुणाच्या अक्षरात आहे? नमुना घेऊन कालिन्याला कोण शिपाई गेला, कुठल्या तारखेला निघाला आणि तिथल्या पावतीवर कुठली तारीख आहे?